सुचतं तेव्हा हात ओले असतात

टेबलापाशी बसलं, कोरी फाईल उघडली, कर्सर लुकलुकायला लागला की मला एकदम कपाट आवरावंसं वाटतं. लिहायचं काही म्हणजे काही सुचत नाही. सुचतं कधी, तर डोक्याला शॅम्पू लावलेला असतो, डोळे घट्ट मिटलेले, आणि अख्खा लेख, विनोदासकट, दत्त म्हणून समोर उभा! आता लिहायचं कशावर? आरशावरच्या वाफेवर बोटाने "सासूचा चष्मा" असं लिहून पाहिलंय, टॉवेल गुंडाळून पेन आणेपर्यंत सासू ओघळून गेली होती, नुसता चष्मा उरला.

आर्किमिडीजलाही म्हणे आंघोळीतच सुचलं आणि तो तसाच 'युरेका' ओरडत घराकडे पळाला. ही गोष्ट लिहून ठेवली विट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुविशारदाने, आर्किमिडीज गेल्यावर दोनेकशे वर्षांनी, त्यामुळे खरी किती देव जाणे. पण ते पळणं मला अगदी पटतं. लोक म्हणतात आनंदाने पळाला, छे, विसरायच्या आत घर गाठायचं होतं त्याला.

दुसरी वेळ म्हणजे झोप लागता लागता. अर्धवट झोपेत जे सुचतं ते इतकं भारी असतं की वाटतं हे कसं विसरेन, आणि सकाळी ते तर आठवत नाहीच, वर काहीतरी भारी होतं एवढंच आठवतं, म्हणजे दिवसभर हळहळायची सोय. म्हणून फोन उशाशी ठेवायला लागले. सकाळी उठून नोंद वाचली: "तो परत येतो पण जिना नाही. महत्त्वाचं!!!" कोण येतो, कुठला जिना, आणि तीन उद्गारचिन्हं देण्याइतकं काय पेटलं होतं? मग बोलून रेकॉर्ड करायचं ठरवलं, तर त्यात आधी माझा श्वास, मग काहीतरी पुटपुट आणि शेवटी नवऱ्याचा स्पष्ट, खणखणीत आवाज, "कोणाशी बोलतेयस गं?"

ऑटो लोवी नावाच्या शास्त्रज्ञाचं अस्संच झालं होतं. रात्री प्रयोग सुचला, कागदावर खरडला, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. पुढच्या रात्री तीनच्या सुमारास तेच परत सुचलं, तेव्हा मात्र गडी उठून तडक प्रयोगशाळेत गेला आणि बेडकांच्या दोन हृदयांवर त्याने दाखवून दिलं की मज्जातंतूचा निरोप हृदयाला रसायनामार्फत पोचतो. 1936 साली नोबेल, हेन्री डेल यांच्याबरोबर विभागून. माझं अक्षर लागतं हो, फोनवर टाइप केलेलं असतं, अर्थ लागत नाही. आणि सुचलेलं दुसऱ्या रात्री परत येतंय कसलं, आमच्याकडे ती पद्धतच नाही.

एडिसन म्हणे हातात धातूचे गोळे धरून डुलकी काढायचा, झोप लागली की गोळे पडायचे, आवाजाने जाग यायची आणि सुचलेलं हाताशी असायचं. मला वाटलं मोठ्या माणसांच्या दंतकथा, पण 2021 मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी लोकांना हातात वस्तू देऊन, गणितं घालून असंच डुलकी काढायला बसवलं, तर झोपेच्या अगदी उंबरठ्यावर पंधरा सेकंद जरी गेलेल्यांपैकी 83 टक्क्यांना गणितातली लपलेली क्लृप्ती सापडली, जागे राहिलेल्यांत 30 टक्क्यांना. गाढ झोपेत शिरलेल्यांचं मात्र काही खरं नाही.

आता घरात धातूचे गोळे कुठून आणू? हाताशी टीव्हीचा रिमोट होता. पडला, आवाज झाला, जागही आली, पण जाग आल्या आल्या डोक्यात पहिला विचार "रिमोट फुटला का" हाच, कथा-बिथा कुठली! एडिसनला ही काळजी नसणार, गोळ्याला काय होतंय.

नवऱ्याला यातलं काहीच कळत नाही. "सकाळी फ्रेश होऊन लिही ना," म्हणतो. तो हिशेबाच्या कामाला, त्याला बरोबर ऑफिसच्या वेळात सुचतं, शनिवार-रविवार सुट्टी. सध्या तो चॅनल बदलायला दरवेळी सोफ्यावरून उठून टीव्हीपर्यंत जातो, आणि रिमोटला काय झालं असं विचारलं की मी "संशोधन" म्हणते.