वजन घटवायचंय? आधी गावभर सांगा

वजन कमी करायचं मनात आलं की ते मनातच ठेवायचा करंटेपणा करू नका. सोमवारी सकाळी चौकातल्या हॉटेलवर, दुसऱ्या चहाच्या वेळी, चार जणांसमोर जाहीर करा: आजपासून साखर बंद, भात बंद, रात्रीचं जेवण बंद. आकडाही भारदस्त सांगा. महिन्यात पंधरा किलो. डॉक्टर मंडळी आठवड्याला अर्धा ते एक किलो म्हणतात, पण त्या चालीवर पैज कोण लावणार?

पहिल्या आठवड्यात काटा बऱ्यापैकी खाली येईल. लगेच पेढे वाटा, कुंथलगिरीचे मिळाले तर उत्तम. शेजारच्या नर्सबाई सांगतील की घटलं ते बरंचसं पाणीच. शरीरातलं साठवणीचं ग्लायकोजेन संपलं की त्याच्या प्रत्येक ग्रॅमनं धरून ठेवलेलं तीनेक ग्रॅम पाणीही निघून जातं. त्यांना पेढा देऊ नका. उपाशी राहिल्यानं चरबीबरोबर स्नायूही झिजतात, हे त्या सांगायच्या आत विषय बदला.

मग घरच्या अन्नाशी वैर धरा. कणगीत ज्वारी असेल तर तिच्याकडं बघूसुद्धा नका. परभणीच्या कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये लोह आणि जस्त जास्त असलेला 'परभणी शक्ती' हा वाण आणला, मान्य. पण जे आजी चुलीवर थापायची, ते खाऊन कुणी बारीक झाल्याचं मोबाइलवर दिसतं का? त्यापेक्षा पावडरचा डबा आणा. डब्यावर दंड फुगवलेला माणूस हवा. चार भाकरींच्या जागी अडीच घ्यायच्या, माळवं आणि मटकी दुप्पट वाढून घ्यायची, असला बदल तर मुळीच करू नका. तो इतका सोपा आहे की माणूस वर्षानुवर्षं निभावून नेतो. धोका तिथंच आहे. भाकरी मोजत बसा, तर्रीकडं मात्र दुर्लक्ष करा. तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी, पिठात-डाळीत त्याच्या निम्म्याहून कमी. पण तेल मोजणारा माणूस चिक्कू म्हणून ओळखला जातो. एकादशीला साबुदाणा आहेच. तो जवळजवळ निव्वळ स्टार्च, आणि वर पडणाऱ्या शेंगदाण्याच्या कुटात निम्मं तेल. पुण्यही मिळतं, वजनही टिकतं.

चालायला सुरुवात मे महिन्यात करा, सकाळी दहानंतर. लातूर-नांदेडकडं पारा चाळिशी ओलांडून जातो, शर्ट पिळून काढावा लागेल. घाम म्हणजे वितळलेली चरबी, ही समजूत शेवटपर्यंत सोडू नका. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं सांगते, म्हणजे रोजची वीस-बावीस. एवढ्याशासाठी महागाचे बूट वसूल होतील का? एकदम दहा किलोमीटर चाला, चौथ्या दिवशी गुडघा धरून बसा. सोबती असा शोधा, ज्याचा रस्ता सुशीला (फोडणीचे चुरमुरे) आणि भज्यांच्या गाड्यावरूनच जातो.

आता घरच्यांच्या पाठिंब्याचं. पाठिंबा म्हणजे बायकोनं तुमच्यासाठी वेगळं शिजवणं. तुमचं बिनतेलाचं, पोरांचं तेलातलं, सासूबाईंचं बिनमिठाचं. सगळ्यांनी एकच, जरा बेताच्या तेलाचं जेवावं, हा विचार कुणाला सुचूच देऊ नका. ती शेवटी बसेल, आणि पोरांनी टाकलेली अर्धी पोळी, तुमच्या संकल्पामुळं उरलेला भात, सगळं 'अन्न वाया नको' म्हणून संपवेल. भारतीय पुरुषांसाठी कंबर ९० सेंटीमीटर आणि बाईसाठी ८० ही धोक्याची खूण मानतात. तुमची कंबर मोजायला टेप आणलाच असेल. तो तिच्या हाती लागू देऊ नका. सकाळची फिरायची वेळ तिची डबे भरण्यात जाते. तिनं कधी विषय काढलाच, तर 'घरकाम हाच व्यायाम' म्हणा आणि बूट घालून निघा.

खरी कसोटी धोंड्याच्या महिन्यात. अधिक महिना बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एकदा येतो, आणि जावयाचं वजन तर रोजचंच आहे. सासुरवाडीला दोन दिवस आधी फोन करून 'मामी, पुरणाचे धोंडे दोनच वाढा, बाकीचे डब्यात द्या' असं सांगता येतं. सांगू नका. पाटावर बसा. 'काय जावईबापू, काहीच खाईनात की! कामून, आवडलं नाही का?' असं झालं की तीनदा नको म्हणा, चौथ्यांदा ताट पुढं करा. धोंड्यांवर तुपाची धार सुटू द्या. ३३ अनारशांचं ताट घरी नेऊन बायकोला 'तुझ्या माहेरचं आहे' म्हणत स्वतः संपवा.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या ताटाकडं परतलं तर एका मेजवानीनं काही बिघडत नाही. म्हणूनच परतायचं नाही. 'आता मोडलंच आहे तर' म्हणून पंचमी, पोळा, गणपती, महालक्ष्म्या असं करत दिवाळी गाठा. नवा सोमवार दिवाळीनंतर. रात्री एकपर्यंत मोबाइल बघा. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूकही जास्त लागते, तेवढीच मदत.

एवढं करूनही गल्लीतला एखादा गुपचूप, कुणाला न सांगता, सहा महिन्यांत दहा किलोंनी उतरलाच, तर त्याला मोकळा सोडू नका. रस्त्यात अडवा. 'कामून रे असा वाळलास? शुगर तपासलीस का?' चेहऱ्यावरचं तेज गेलं म्हणा. चार घरी जाऊन हेच सांगा. तरीही तो रोज संध्याकाळी बायकोसोबत चालताना दिसला, तर त्याच्या आईला गावाकडं फोन लावा.