विष नव्हे मामा, ते तुझं खत उडून चाललंय

शनिवारी गावी पोचले तर मामी पडवीत पदराने डोळे पुसत बसलेली, आणि मागल्या दारी मामा एका निळ्या पिंपात बांबू फिरवत उभा. जवळ गेले तर नाकात असा झणका गेला की दोन मिनिटं बोलताच येईना. मामा मात्र खूश, "बघ गो, विष भायर जाता हा!"

पिंपात काय, तर वीस किलो युरिया ताज्या शेणाच्या पाण्यात रात्रभर भिजत घातलेला आणि सकाळी वरून चार घमेली चुलीतली राख. ऐन भातलावणीच्या तोंडावर हे डोकं कुठून आलं विचारलं तर मोबाइल पुढे केला, त्यात युरियाबद्दलचा एक फॉरवर्ड मेसेज. गावच्या ग्रुपवर आहे, भजनाच्या ग्रुपवर आहे, मुंबईकरांच्या ग्रुपवर पण आहे, आणि खाली ते नेहमीचंच, प्रत्येक शेतकरी बांधवापर्यंत पोचवा. मी मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलंय, पण घरात त्याची किंमत फॉरवर्डपेक्षा कमीच, म्हणून इथे लिहितेय.

आधी पिंपाचंच बघू, कारण बाकीचं नुसतं वाचून हसता येतं, हे मात्र खिशाला आणि डोळ्यांना लागतं. मेसेज म्हणतो, 'शेण आणि राख घातली की युरियातलं विष वाफ होऊन निघतं, उग्र वास येईल तीच खूण, वास थांबेपर्यंत पिंप उघडं ठेवा.' अरे, तो वास म्हणजे अमोनिया! ज्या नत्रासाठी गोणी आणली तोच नत्र. ताज्या शेणात जीवाणूंची काय कमी, त्यातल्या बऱ्याच जणांकडे युरिएज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया झटपट उरकणारा पदार्थ, असतं, ते पाण्याच्या मदतीने युरिया फोडतं आणि अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड सुटे होतात. एन्झाइम नसेल तर नुसत्या पाण्यात हेच काम व्हायला वर्षं जातील, युरिएज असेल तर एका रात्रीत बरंच उरकतं. आता हा अमोनिया पाण्यात अमोनियम होऊन विरघळून राहू शकतो, पण कधी, पाणी फार अल्कधर्मी नसेल तर. सामू म्हणजे पीएच, तो जितका जास्त तितकं पाणी अल्कधर्मी. सामू 7 असताना शंभरातला एक भागही वायू होण्याच्या रूपात नसतो, सव्वानऊच्या आसपास निम्मा असतो. आणि राख काय करते? सामू वर ढकलते. म्हणजे रात्री शेणातल्या जीवाणूंनी मेहनतीने युरिया फोडला आणि सकाळी मामाने राख घालून तो नत्र आभाळात सोडला, वर वास थांबेपर्यंत वाट बघायची! वीस किलो युरियात नऊ किलोच्या वर नत्र असतो. त्यातला किती उडाला ते देव जाणे, मामीच्या डोळ्यांनी तरी हिशोब दिलाच.

राख वाईट नाही हं. आपल्या आंबट जांभ्या मातीला ती चांगलीच, पोटॅशही मिळतं, पण वेगळी टाका, वेगळ्या वेळी.

आणि नाइलाजाने एक कबूल करते, या पिंपामागे एक खरी गोष्ट आहे, कुणीतरी ती अर्धवट ऐकून वाट लावली. युरिया त्याच्या पाच-दहा पट ओलसर मातीत मिसळून एक-दोन दिवस ठेवायचा आणि मग टाकायचा, अशी जुनी शिफारस आहेच. तिथेही युरिएजच काम करतं, फरक इतकाच की तयार झालेलं अमोनियम मातीचे कण धरून ठेवतात. माती, राख नव्हे!

दुसरा दावा, 'युरिया कृत्रिम आहे, निसर्ग त्याला ओळखत नाही.' आणि त्याच मेसेजच्या शेवटी सल्ला काय, तर गोमूत्र शिंपडा. गोमूत्रातला बराचसा नत्र युरियाच्याच रूपात असतो हो! सकाळी गोठ्याचं दार उघडल्यावर नाकात जातं ते काय वेगळं असतं का? व्योलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1828 साली प्रयोगशाळेत युरिया बनवला तो लघवीतल्या युरियासारखाच निघाला, म्हणून तर तेव्हा एवढा गाजावाजा झाला. आणि युरिएज तर वनस्पतींतसुद्धा असतं. आपल्या परसातल्या अबईच्या कुळातलाच जॅक बीन, त्याच्या बियांतून जेम्स समनर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने 1926 मध्ये युरिएजचे स्फटिक काढले, स्फटिकरूपात मिळालेलं जगातलं पहिलं एन्झाइम. एन्झाइम म्हणजे प्रोटीन हे मोठमोठे लोक तेव्हा मानायला तयार नव्हते, समनरला नोबेल मिळायला 1946 उजाडलं. निसर्ग ओळखत नाही म्हणे.

'एका दाण्याने जमिनीतले सगळे जीवाणू मरतात.' सगळे मेले तर युरिया फोडतं कोण? दाण्याच्या अगदी जवळ अमोनिया दाटतो तेव्हा काहींना त्रास होतो हे खरं, आणि वर्षानुवर्षं नुसता युरियाच मारला तर नायट्रेट बनवणारे जीवाणू जमीन आणखी आंबट करतात हेही खरं. म्हणून शेणखत सोडू नका. एवढंच म्हटलं असतं तर मीच पुढे पाठवलं असतं.

'युरिया पिवळट दिसतो म्हणजे भेसळ.' कडुनिंबाचं तेल लावलेलं असतं, 2015 पासून शेतीच्या जवळजवळ सगळ्याच युरियाला. पुढे.

'हवेत 78 टक्के नत्र आहे, भात तो आपोआप घेतो.' आकडा बरोबर, बाकी गप्पा. नत्राचे दोन अणू तिहेरी बंधाने बांधलेले, ते सोडवायचं नायट्रोजनेज काही जीवाणूंकडेच असतं आणि एका रेणूमागे निदान 16 एटीपी, म्हणजे पेशीतल्या इंधनाचे रेणू, खर्च होतात. भाताकडे हे एन्झाइम नाही. खाचरातलं निळं-हिरवं शेवाळ, तेही खरं तर जीवाणूच, थोडा नत्र देतं, पण त्याच्या जिवावर पीक सोडून चालत नाही. बघायचंच तर भातानंतरचा कुळीथ उपटा, मुळावरची गाठ नखाने फोडा, आतून गुलाबी निघाली तर तिथे या जीवाणूंचं काम चालू आहे.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच, जी असायला हवी होती. साचलेल्या पाण्यात युरिया फेकला तर थोडा अमोनिया होऊन वर जातो, थोडा चिखलाच्या वरच्या पातळ थरात नायट्रेट होतो, खाली झिरपतो, आणि तिथे ऑक्सिजन नाही म्हणून दुसरे जीवाणू नायट्रेटमधलाच ऑक्सिजन वापरून नत्र पुन्हा हवेत सोडतात. यासाठीच दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने युरिया आणि डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट खत) दाबून केलेल्या ब्रिकेटची शिफारस केलीय, चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या झुबक्यांच्या, मधे एक गोळी हाताने चिखलात खुपसायची. वाकावं लागतं, कंबर मोडते, त्यामुळे फॉरवर्ड कोण करणार.

पिंपात उरलं होतं ते आम्ही पातळ करून माडांच्या अळ्यात ओतलं आणि लगेच वर माती ओढली. अर्धी गोणी शिल्लक आहे, ती मामीने कुलपात ठेवलीय.