‘मुलांना कोरोना झालाच नव्हता, मग मदत कशाला?’ या मेसेजला उत्तर

कोरोनाच्या काळातल्या मदतीबद्दलचा एक लांबलचक मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या, शाळासोबत्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर अधूनमधून पुन्हा फिरायला लागतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: कोरोना लहान मुलांना होतच नव्हता, त्यामुळे मुलांच्या नावाने गोळा केलेली मदत म्हणजे निव्वळ निमित्त होतं. रेशनवर सगळ्यांना फुकट धान्य मिळत होतं, तेव्हा उपाशी कोणीच नव्हतं. वस्त्यांमधल्या लोकांनी चार-चार किट घेतली आणि विकून टाकली. आईवडील गेलेल्या मुलांना सरकारने पंधरा-पंधरा लाख दिले. आणि पूर्वीच्या साथींमध्ये लोक कोणापुढे हात न पसरता आपल्या पायांवर उभे राहिले. शेवटी सल्ला दिलेला असतो की पुढच्या वेळी कोणी मदत मागायला आलं तर दार लावून घ्या.

२०२० च्या एप्रिलपासून मी पर्वतीच्या पायथ्याच्या आणि भवानी पेठेकडच्या वस्त्यांमध्ये धान्य पोचवणाऱ्या एका गटाबरोबर काम केलं. मेसेजमधल्या बाकीच्या गोष्टी एक वेळ सोडून दिल्या असत्या. त्या शेवटच्या सल्ल्यासाठी मात्र हे लिहितोय, कारण तो वाचून खरोखरच हात आखडते घेणारी माणसं मला भेटली आहेत.

‘कोरोना मुलांना होतच नव्हता’

यातला खरा भाग एवढाच की मुलांमध्ये आजार गंभीर होण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा बरंच कमी होतं. पण मुलांसाठीची मदत कधीच फक्त विषाणूसाठी नव्हती. मुलांना जगवणाऱ्या ज्या व्यवस्था एका रात्रीत थांबल्या, त्यांच्यासाठी ती होती.

शाळेत मिळणाऱ्या जेवणाचंच घ्या. पोषण आहाराच्या नियमाप्रमाणे प्राथमिक शाळेतल्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं शाळेत मिळायला हवीत. महापालिकेच्या शाळेत जाणाऱ्या कितीतरी मुलांचं ते दिवसातलं सगळ्यात भरवशाचं जेवण. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपं लागली आणि ते ताट गेलं. सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्चलाच, म्हणजे देशभरची टाळेबंदी जाहीर होण्याच्या आधी, स्वतःहून याची दखल घेऊन राज्यांना विचारलं की आता या मुलांच्या जेवणाचं काय? पुढे शिजवलेल्या अन्नाऐवजी कोरडा शिधा द्यायचं ठरलं. पण शाळेत वाढलेली खिचडी मुलाच्याच पोटात जाते. घरी आलेले तांदूळ सात माणसांच्या पातेल्यात पडतात. घरात पहिला घास कोणाला आणि शेवटचा कोणाला, हे ज्याच्या घरी टंचाई आहे त्याला सांगावं लागत नाही. आणि ही टंचाई धडधाकट मुलांवर आली नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी महाराष्ट्रात २०१९ साली, साथीच्या आधी झाली. तेव्हाच राज्यातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती.

दुसरी थांबलेली गोष्ट म्हणजे लसीकरण. आशाताई घरोघरी ताप मोजत फिरत होत्या, अंगणवाडीच्या ताई सर्वेक्षणात अडकल्या होत्या, आणि बाळाला घेऊन दवाखान्यात जायची आयांना भीती वाटत होती. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरच्या लशीचा पहिला डोससुद्धा न मिळालेली बाळं भारतात २०१९ मध्ये सुमारे १४ लाख होती, ती २०२० मध्ये ३० लाखांवर गेली. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीच्या बाजूला, भिवंडीत, मालेगावात गोवर उसळला आणि मुलं दगावली, हे आपण सगळ्यांनी वाचलं आहे. मुलांना कोरोना झाला नाही असं घटकाभर धरून चाललं, तरी त्यांना गोवर झाला.

आणि आईबाप? पुण्यातल्या पाच प्रभागांमध्ये २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये रक्ताच्या नमुन्यांची पाहणी झाली, तेव्हा लोहियानगर-कासेवाडीत ६५.४ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, सापडली. स्वतःचा संडास असलेल्यांमध्ये संसर्गाचं प्रमाण ४५.३ टक्के होतं, सार्वजनिक संडास वापरणाऱ्यांमध्ये ६२.३ टक्के. ही पाहणी मोठ्या माणसांची होती. त्यातला प्रत्येक जण कोणाचा तरी बाप, आई किंवा आजी होता.

‘रेशन सगळ्यांना फुकट होतं’

हा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना पटतो, म्हणून जरा सविस्तर.

ज्यांचं नाव अन्नसुरक्षेच्या यादीत होतं, त्यांना सरकारी धान्याने तारलं. नेहमीचे माणशी पाच किलो दोन-तीन रुपये दराने आणि वर पंतप्रधान गरीब कल्याण योजनेतले पाच किलो फुकट. ते धान्य नसतं तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. पण ‘सगळ्यांना’? राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे महाराष्ट्राच्या शहरी लोकसंख्येपैकी ४५.३४ टक्के लोक या यादीत बसतात, आणि ते गणित २०११ च्या जनगणनेवर मांडलेलं आहे. शहरातले निम्म्याहून जास्त लोक मुळात यादीबाहेर.

बाहेरचे सगळे खाऊनपिऊन सुखी होते का? शहरात या यादीत येण्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९,००० रुपये. महिन्याला पाच हजारसुद्धा नाही. नवरा रंगकामाला जातो, बायको तीन घरची धुणीभांडी करते, अशा जोडप्याची कमाई चांगल्या दिवसांत याच्या वर जाते आणि त्यांच्या हातात यादीबाहेरचं केशरी कार्ड येतं. टाळेबंदीत रंगकाम बंद झालं आणि सोसायट्यांची फाटकं बायकोला बंद झाली. कमाई शून्य, कार्ड मात्र केशरीच. अशा केशरी कार्डावर राज्य सरकारने मे आणि जूनसाठी ८ रुपये किलोने गहू आणि १२ रुपये किलोने तांदूळ दिले. चांगला निर्णय होता. पण टाळेबंदी लागली मार्चच्या २५ तारखेला. एप्रिल महिना त्या घराने काय खाऊन काढायचा?

शिवाय ज्यांचं कार्डच नव्हतं ते वेगळे. बांधकामाच्या साइटवर पत्र्याच्या खोल्यांत राहणारी बिदर-कलबुर्गीकडची, मराठवाड्यातली, बिहार-छत्तीसगडची माणसं. कार्ड गावाकडे, सासऱ्याच्या नावावर. अशांसाठी केंद्राने माणशी पाच किलो धान्य जाहीर केलं ते मे महिन्याच्या मध्यात, तोवर त्यातले किती तरी जण सातारा रस्त्याने नाहीतर नगर रस्त्याने चालत निघाले होते, कडेवर पोरं घेऊन.

आणि धान्य म्हणजे जेवण नाही. तेल, मीठ, तिखट, गॅस, बाळाचं दूध यातलं काहीच रेशनवर फुकट नव्हतं. आमच्या किटमध्ये पीठ, तांदूळ, तूरडाळ, तेलाची पिशवी, मीठ, हळद-तिखट, साखर, चहा पावडर आणि दोन साबण असत. गव्हाऐवजी पीठच का, हे आम्हाला वस्तीतल्या बायकांनी शिकवलं.

‘किट विकली’

काही जणांनी विकली. मी पाहिलं आहे, म्हणून नाकारणार नाही. पण कशासाठी विकली तेही पाहिलं आहे.

सील केलेल्या एका गल्लीत एक बाई पत्र्याच्या दाराशी गव्हाची पिशवी घेऊन बसली होती. चार-पाच किलो असतील. ती शेजारणीला ते गहू देऊन पैसे घेत होती, आणि आमच्यातला एक जण चिडून म्हणाला, “मावशी, हे काय चाललंय?” ती म्हणाली, “गिरणी बंद आहे दादा. गहू दळू कुठं? पोरीला दूध पाहिजे.” मांडीवर आठ-नऊ महिन्यांची मुलगी होती. शेजारणीच्या घरात हाताने फिरवायचं जातं होतं, म्हणून तिला गव्हाचा उपयोग होता. विकणारीला दुधाचा होता. त्या दोघींनी त्या सकाळी जो व्यवहार केला तो आमच्या सगळ्या नियोजनापेक्षा शहाणपणाचा होता. त्यानंतर आम्ही गहू देणं बंद केलं, पीठ द्यायला लागलो, आणि ज्या घरात दोन वर्षांखालचं मूल आहे तिथे दुधाची पावडर वेगळी ठेवायला लागलो.

चार-चार किट घेतल्याचं म्हणाल तर, दहा बाय बाराच्या खोलीत दोन भावांची दोन कुटुंबं राहतात, दाराला नंबर एकच. यादी करणाऱ्याच्या कागदावर ते एक घर, चुली दोन. अकरा माणसांना एक किट दिलं तर ते आठवडाभरसुद्धा पुरत नाही. मग दुसऱ्या संस्थेची गाडी आली की ती माणसं पुन्हा रांगेत उभी राहणारच. मी त्यांच्या जागी असतो तर मीही राहिलो असतो.

मदतवाल्यांचं खरोखर चुकलं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही. गाड्या मोठ्या रस्त्याला थांबत. रस्त्यालगतच्या घरांना तीन-तीनदा मिळालं आणि टेकडीवर, आतल्या बोळांत राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत, नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांपर्यंत कोणी पोचलं नाही. आणि पिशवी हातात देऊन लहान मुलांचे फोटो काढले गेले, ते मला तेव्हाही सहन झालं नव्हतं, आजही होत नाही.

‘अनाथ मुलांना पंधरा लाख मिळाले’

पंधराचा आकडा कुठून आला ते कळतं. राज्य सरकारने दोन्ही पालक गमावलेल्या मुलाच्या नावे ५ लाखांची मुदत ठेव जाहीर केली, केंद्राच्या पीएम केअर्समधून १० लाखांची तरतूद झाली. राज्याची ठेव वयाच्या २१ व्या वर्षी हाती येते, केंद्राची रक्कम २३ व्या. २०२१ मध्ये आठ वर्षांच्या असलेल्या मुलीच्या हाती ती पूर्ण रक्कम २०३४ आणि २०३६ च्या सुमारास येणार. ही योजना योग्यच आहे, मुलांच्या पैशांवर कोणी डल्ला मारू नये म्हणून ती अशी बांधली आहे. पण त्यातून उद्याची वही, परवाचं भाडं येत नाही.

त्याहून मोठी गोष्ट अशी. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या माहितीप्रमाणे एप्रिल २०२० पासून देशात १,४७,४९२ मुलांनी कोरोनाने किंवा इतर कारणाने एक किंवा दोन्ही पालक गमावले होते किंवा ती टाकून दिलेली होती. महाराष्ट्रातली त्यांत १९,६२३. देशातल्या या मुलांपैकी दोन्ही पालक गेलेली होती १०,०९४. एक पालक गेलेली १,३६,९१०, उरलेली ४८८ टाकून दिलेली. म्हणजे शंभरातल्या जवळपास ९३ मुलांना त्या पंधरा लाखांतला एक रुपयासुद्धा लागू नव्हता. त्यांच्यासाठी होती राज्याची बालसंगोपन योजना, तेव्हा महिन्याला १,१०० रुपये. बाप गेला, आई कधी बँकेत गेलेली नाही, घर भाड्याचं, दवाखान्याची उधारी डोक्यावर, आणि त्यात मृत्यूच्या दाखल्यापासून तहसीलदाराच्या उत्पन्न दाखल्यापर्यंत कागद जमवायचे. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर आमचं बरंचसं काम हेच होतं, अर्ज भरणं आणि रांगेत उभं राहणं. एका कार्यालयात एका आईला फक्त नावातल्या एका अक्षराच्या फरकासाठी तीनदा परत पाठवलं. तिच्याबरोबर कोणी नसतं तर चौथ्यांदा ती गेलीच नसती.

त्याच दिवसांत ‘आईवडील गेलेली दोन महिन्यांची मुलगी आहे, दत्तक घ्यायची असेल तर या नंबरवर फोन करा’ असे मेसेजही फिरत होते. चांगल्या मनाने पुढे पाठवले असतील. पण बाल न्याय कायद्याप्रमाणे अशा रीतीने मूल देणं-घेणं हा गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि अशा मेसेजमागे मुलं विकणारे असू शकतात. असं मूल दिसलं तर मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर फोन करायचा.

‘पूर्वी लोकांनी कोणापुढे हात पसरले नाहीत’

हे पुण्यात बसून लिहावं याचं वाईट वाटतं. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी सत्यशोधक समाजातर्फे धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवलं, त्याचं नाव व्हिक्टोरिया बालाश्रम. त्यासाठी लोकांना मदतीचं जाहीर आवाहन केलं. वीस वर्षांनी प्लेग आला. तेव्हा त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळच्या माळावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला सावित्रीबाई पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. वय ६६. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. बालसंगोपन योजनेला आज त्यांचंच नाव आहे.

तर दार लावून घेण्याआधी एवढं करता येईल. २०२० किंवा २०२१ मध्ये वडील किंवा आई गेलेलं, अजून १८ वर्षांचं न झालेलं मूल तुमच्या कामवाल्या ताईंच्या, वॉचमनच्या, रिक्षावाल्या काकांच्या घरी असेल, तर बालसंगोपनचा अर्ज अजूनही करता येतो. रक्कम आता महिन्याला २,२५० रुपये आहे. मृत पालकाचा दाखला, मुलाचं आणि हयात पालकाचं आधार, रहिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाइड आणि बँकेचं पासबुक लागतं. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायचा, मंजुरी बालकल्याण समिती देते. आईला एकटीला पाठवू नका, बरोबर जा.