'आत जाऊन आला' म्हणण्याआधी

गावातल्या कुणाला पोलीस घेऊन गेले की संध्याकाळपर्यंत तिठ्यावर एकच चर्चा, "तो आत गेला." मग तो चौकशीला दोन तास बसलेला असो, कोठडीत असो, नाहीतर शिक्षा भोगत असो. सगळे एकाच मापाने मोजले जातात. मला याचा मनापासून राग येतो.

आपण रत्नागिरीकर. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणलं आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. राहायला राजवाडा मिळाला, पण मायदेशी परतायची मुभा मिळाली नाही. सावरकर आधी इथल्या तुरुंगात होते, नंतर १९२४ ते १९३७ याच जिल्ह्यात स्थानबद्ध. गावात हिंडाफिरायचं, पण जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही. त्यांच्या बाबतीत तुरुंग आणि स्थानबद्धता यातला फरक आपण बरोबर सांगतो. मग शेजारच्या पोराच्या बाबतीत काय होतं?

पोलीस कोठडी तपासापुरती असते. न्यायालयीन कोठडी म्हणजे तुरुंगच, पण गुन्हा शाबीत झालेला नसतो. असा माणूस कच्चा कैदी. त्याला सक्तमजुरी नसते, अंगावर कपडेही स्वतःचेच. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर कैदी होते, त्यातले जवळपास ७६ टक्के कच्चे!

आमच्या वाडीतला एक मुलगा बांधावरच्या मारामारीत अडकला. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळेना. जामिनासाठी दाखवायच्या सात-बारावर नावांची ही रांग, निम्मे मुंबईला, आणि जे गावात होते त्यांनी कागद द्यायला नकार दिला. आई कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिली, आंबा झाडावरच पिकून गळला. पुढे तो निर्दोष सुटला. तरी शिमग्याला पालखीखाली खांदा द्यायला गेला तेव्हा एका वडीलधाऱ्यांनी त्याला हाताने बाजूला केलं. "तू राहू दे." कोर्टाने सोडलं, वाडीने नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी खटले कसे चालवायचे त्याचा कायदा) कलम ४७९ वाचा. याआधी कुठल्याच गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला जामीनदाराशिवाय, स्वतःच्या बंधपत्रावर सोडायचं आहे, आणि तसा अर्ज तुरुंग अधीक्षकांनीच कोर्टाकडे करायचा आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले यातून वगळलेत. शिवाय कोठडीतल्या कुणालाही मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तुमच्या ओळखीत कुणी असं अडकलं असेल तर त्याच्या घरच्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात घेऊन जा. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं.