"मस्करी केली यार" म्हणे!

वैताग आलाय आता. पुण्यात एफसी रोडवर मणिपूर-नागालँडची मुलं दिसली की आपल्यातलं कुणीतरी "ए मोमो" ओरडणारच आणि बाकीचे खी खी करणार. आमच्या वर्गात अरुणाचलची एक मुलगी आहे, तिला सारखं कुणीतरी विचारतं व्हिसा कधी संपतोय, आणि ती हसते, म्हणजे नुसते ओठ हसतात, आणि सबमिशनच्या फाईलमध्ये डोकं घालते. बोलायला जावं तर "चिल कर, मस्करी केली यार". कसली डोंबलाची मस्करी! २०१४ मध्ये दिल्लीत लाजपतनगरला निडो तानिया नावाच्या अरुणाचलच्या पोराला केसांवरून असंच चिडवलं, तो चिडला, मग मारहाण, आणि दुसऱ्या दिवशी पोरगा गेला. शिकत होता हो तो. त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांना होणाऱ्या अशा त्रासावर उपाय सुचवायला सरकारने बेझबरुआ समिती नेमली, रिपोर्टही आला, पण आमच्या कट्ट्याला त्याचं काय! आणि हेच शहाणे परदेशात कुणी भारतीयाला रंगावरून हिणवलं की स्टोरीवर रेसिझम रेसिझम करत थयथयाट करतात. मोठेही काही कमी नाहीत, आमच्या वर्गातली ती मुलगी भाड्याची रूम बघायला गेली की मालकीणबाई आधी तोंड बघतात, मग "आत्ताच दिली गं", आणि 'भाड्याने देणे आहे'ची पाटी महिनाभर गेटवर तशीच.