कुटुंबापासून अकाउंट कसं वाचवावं: नव्या अ‍ॅपवाल्यांसाठी

अ‍ॅप बनवताय? छान. पैशांचं असो, विम्याचं असो नाहीतर रक्ताच्या रिपोर्टचं, एक गोष्ट पहिल्याच मीटिंगला पक्की करून घ्या. आपल्याकडे प्रत्येक माणूस एकटा राहतो. त्याचा स्वतःचा फोन असतो, त्यात कायम चार्जिंग आणि रेंज असते, डोळे शाबूत असतात आणि इंग्रजी तोंडपाठ असतं. आईबाप, बायको, सून, जावई हे सगळे त्याच्या अकाउंटपुरते हॅकर. एवढं डोक्यात बसलं की पुढचं डिझाइन आपोआप होतं.

'घरच्या माणसाला वापरू द्या' असलं बटण चुकूनही ठेवू नका. ठेवावंच लागलं तर सेटिंग, मग प्रायव्हसी, मग अ‍ॅडव्हान्स्ड, मग 'इतर', तिथे खाली. जीमेलमध्ये पासवर्ड न देता दुसऱ्याला आपले मेल वाचू देता येतात, उत्तरं पाठवू देता येतात, आणि त्याला पासवर्ड बदलता येत नाही. कम्प्युटरवरच्या सेटिंगमध्ये आहे. आता तुमच्या ओळखीतल्या चारजणांना विचारा, हे माहीत होतं का. याला म्हणतात लपवणं!

नाव असं द्या की घरात वाद व्हावा. 'सेकंडरी युजर' मस्त आहे. सासऱ्यांना सांगून बघा, तुम्ही आमचे सेकंडरी.

कुटुंब म्हणजे कोण, हे सुद्धा कुटुंबाने नाही, तुम्ही ठरवायचं. गुगलच्या फॅमिली ग्रुपात माणसं सहा आणि सगळी एकाच देशात हवीत, म्हणजे लेक लग्न होऊन टोरांटोला गेली की संपला संबंध. आणि नेटफ्लिक्सचा आदर्श ठेवा, 2017 ला ट्विटरवर लिहिलं होतं, पासवर्ड शेअर करणं म्हणजे प्रेम. जुलै 2023 मध्ये भारतातल्या लोकांना कळवलं की प्रेम फक्त एका घरात. होस्टेलवरचं पोरगं घराबाहेरचं.

दिलेली परवानगी काढून घ्यायची सोय? कशाला. एकदा दिलं ते दिलं.

आता मुख्य हत्यार, ओटीपी. बाबांचं परवा मिरजेत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्याला पट्टी, डॉक्टरांनी सांगितलं मोबाइल बघायचा नाही. आणि विम्याच्या हप्त्याची शेवटची तारीख नेमकी त्याच दिवशी. मी पुण्यात. पैसे माझ्या खिशातून भरायला तयार, पण भरायचं पान लॉगिनच्या आत आणि लॉगिनला बाबांचा ओटीपी. म्हणून आईला फोन लावला. आई म्हणाली, आलाय मेसेज, पण यात लिहिलंय कोणालाही सांगू नका. म्हटलं अगं आई, मी आहे. ती म्हणाली, ते खरं रे, पण शेजारच्या काकांना पण असाच फोन आला होता, मुलगाच बोलतोय म्हणून. मग मला विचारलं, तुझ्या मोठ्या आत्याचं सासर कुठलं? मी म्हटलं तासगाव. बरोबर आलं, तेवढ्यात ओटीपीची वेळ संपली. दुसरा मागवला तर तो येईपर्यंत आई दूध बघायला गेली. तिसऱ्याला कसाबसा शिरलो तर स्क्रीनवर लाल अक्षरात, नवीन डिव्हाइस आढळलं, तुमच्या सुरक्षेसाठी 24 तास व्यवहार बंद. आणि तिकडे बाबांच्या फोनवरून अ‍ॅप लॉगआउट. आणि वर, हे मला सगळ्यात आवडलं, 'तुमचा अनुभव कसा वाटला, स्टार द्या'.

आईचं काय चुकलं सांगा. तिने मेसेज वाचला आणि मेसेजमध्ये लिहिलंय तसं वागली. एकीकडे ओरडून सांगायचं कोणाला सांगू नका आणि दुसरीकडे अ‍ॅप असं बांधायचं की सांगितल्याशिवाय घरातलं एक काम होऊ नये. चोर फोन करतो तेव्हा तो पण हेच मागतो, तीच घाई, तेच 'लवकर सांगा, वेळ संपेल'. पोटचं पोरगं आणि चोर दोघांना तुम्ही एकाच दाराने आत घेता आणि मग फसलेल्या माणसालाच म्हणता, आम्ही मेसेजमध्ये लिहिलं होतं ना.

कस्टमर केअर ठेवा, पण 'अकाउंट होल्डरला फोन द्या' एवढंच बोलायला. घरोघरची पोरं घसा खरवडून बापाच्या आवाजात 'हो, मीच बोलतोय' म्हणतात, ते तुमचं व्हेरिफिकेशन.

माणूस गेल्यावरची काळजी मात्र आधी घ्या. गुगलने 2013 मध्येच सोय केली, अ‍ॅपलने 2021 मध्ये, की मालक गेल्यावर अकाउंटमधलं कोणाला मिळावं. मेलेल्याची सोय आहे. पट्टी बांधलेल्याची नाही.

बास, आता सरळच बोलतो. जमत नाही असं सांगू नका. आजोबा बेअरर चेक लिहायचे, म्हणजे जो बँकेत घेऊन जाईल त्याच्या हातात पैसे. नाव, रक्कम, तारीख, सही, झालं. पोराला पासबुक दिलं नाही, खात्यात किती आहे ते कळू दिलं नाही, आणि 2012 पासून तर तो चेक तीन महिन्यांनी आपोआप बाद होतो. कागदाच्या पट्टीला जे कळतं ते तुमच्या अ‍ॅपला कळत नाही? ऑगस्ट 2024 ला यूपीआय सर्कल आलंच ना, पिन न सांगता घरच्याला आपल्या खात्यातून महिन्याला 15,000 पर्यंत खर्च करू देता येतो, एका वेळेला 5,000, नाहीतर प्रत्येक खर्चाला आपली मंजुरी. म्हणजे जमतं. तुम्हाला करायचं नाही.

एक स्क्रीन लागते हो. कोणाला द्यायचं, काय काय करू द्यायचं, कधीपर्यंत, आणि खाली मोठं 'बंद करा'. मराठीत. बाबांनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चष्मा लावून दोन मिनिटांत भरलं असतं, आईला पाच दिवस, फक्त हप्ता भरायला, बाकी काही नाही. आणि बनवून झालं की ऑफिसातल्या पंचविशीतल्या पोरांवर टेस्ट करू नका. साठीपुढचे नवराबायको बोलवा, दोघांत एक फोन द्या आणि शेजारी गप्प बसा, मध्ये बोलायचं नाही. बटण निळं का जांभळं यावर आठवडा आठवडा भांडता, त्यातला अर्धा दिवस इकडे द्या.