पडद्याची दांडी

आमच्या सोसायटीत मी पडद्याच्या दांड्यांचा शौकीन म्हणून ओळखला जातो. निवडणुका आल्या की मी एक लांबलचक खाकी कापडी पिशवी खांद्याला अडकवून लिफ्टमध्ये शिरतो आणि निकाल लागून गेले की तीच पिशवी घेऊन परत येतो. लिफ्टमध्ये जो कोणी असेल तो विचारतो, "पडद्याची दांडी का?" मी मान हलवतो. सहाव्या मजल्यावरच्या काकूंनी तर एकदा मला अडवूनच धरलं. "तुम्ही दांड्या बदलून कुठून आणता हो? आमचा दुकानदार एकदा विकलेलं परत घेत नाही मेला."

पिशवीत आजोबांची बाराबोरची दुनळी बंदूक असते. परवान्याची, वारशाने आलेली, आणि माझ्याकडे आल्यापासून एकही बार न काढलेली.

'दांडी' हा शब्द बायकोचा. बंदूक घरात येणार म्हटल्यावर तिने एकच अट घातली, सोसायटीत कुणाला कळता कामा नये. कळलं तर मुलाच्या मित्रांच्या आया मुलांना आपल्याकडे पाठवणार नाहीत, मग आपलाच मुलगा रोज त्यांच्याकडे जेवायला बसेल, आणि ते बरं दिसणार नाही. यात कुठेतरी खोट आहे असं मला वाटलं, पण घरात बंदूक असली तरी काही वाद मी घालत नाही.

आजोबांचं घर कणकवलीजवळच्या गावात. भात, नारळ, थोडे काजू, आणि या सगळ्यावर आपलाच सातबारा असल्यासारखी वागणारी रानडुकरं नि माकडं. तरुणपणी आजोबा पारधीला जायचे. गावची दहा-पंधरा माणसं हाकारे घालत रान काढायची आणि आजोबा ठरल्या जागी झाडाच्या बुंध्याला पाठ लावून तासन्‌तास बसून राहायचे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्यांची पारध थांबली. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे उरलेसुरले परवानेही गेले. त्यानंतर बंदुकीला काम एवढंच उरलं, की रात्री मळ्यात खसफसलं की आभाळाकडे नळी करून एक बार काढायचा. दुसऱ्या दिवशी चहा देताना आजी विचारायची, "आभाळाक किती भोकां पाडलात?"

मे महिन्यात गावी गेलो की मी त्या बंदुकीला रायफल म्हणायचो आणि आजोबांना ते सहन व्हायचं नाही. "रायफल नाय रे झिला, बंदूक. रायफलीच्या नळयेत आटे आसतत." मग शिकवणी सुरू. रायफलीच्या नळीला आतून मळसूत्री खाचा असतात, त्यामुळे गोळी गरगर फिरत बाहेर पडते आणि लांबवर सरळ जाते. आमची नळी आतून गुळगुळीत. तिच्यातून मूठभर छर्रे सुटतात आणि पसरत जातात. रायफल म्हणजे पाकिटातली चिठ्ठी, बंदूक म्हणजे गावात दवंडी. बाराबोरमधला बारा कुठला, तेही त्यांनीच सांगितलं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बाराबोर. म्हणजे सोळा बोरची नळी बाराबोरहून बारीक. हा उलटा हिशेब मला आठवीत कळला नव्हता आणि अजूनही मनातल्या मनात एकदा गोळ्या वळून बघाव्या लागतात.

२०१६ च्या शस्त्र नियमांत एक सोय आहे. परवानाधारकाने सत्तरी गाठली, किंवा शस्त्र बाळगून त्याला पंचवीस वर्षं झाली, की हयातीतच ते वारसाच्या नावे करता येतं. आजोबा या दोन्ही परीक्षा कधीच पास झाले होते. बाबांनी हात झटकले. काका म्हणाले, "तू मुंबयत रवतस, तुका कागदांची सवय आसा."

कचेरीतला पहिला दिवस मला लख्ख आठवतो.

"बंदूक कशाला हवी?" खिडकीपलीकडून प्रश्न आला.

"वारसा आहे. आजोबा शेतीच्या राखणीसाठी वापरायचे."

"शेती कुठे?"

"कणकवलीजवळ."

"आणि बंदूक कुठे राहणार?"

"बोरिवली पूर्व."

"मग डुकरं बोरिवलीला येणार?"

रांगेतले सगळे हसले. मीही हसलो, कारण अर्ज त्यांच्या हातात होता.

पुढे सुरक्षेच्या प्रशिक्षणाचा दाखला लागला. तिथे ती बंदूक सुटी करून पुन्हा जुळवायला शिकवतात. मी ती तीन वेळा जुळवली, तिन्ही वेळा गुरुजींचा हात माझ्या हातावर होता, आणि म्हणूनच मी ती आजतागायत सुटी करून कधी नेत नाही, अखंड चार फुटांची नेतो. मग मानसिक स्वास्थ्याचा दाखला. डॉक्टरांनी विचारलं, राग येतो का. म्हटलं, लोकलमध्ये येतो. कुठली लोकल? सकाळची चर्चगेट फास्ट. बसायला मिळतं? नाही. डॉक्टर बराच वेळ काहीतरी लिहीत होते. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "आणि कुणाला मारावंसं वाटत नाही?" मी खरं ते सांगितलं. वाटतं, पण हात वर काढायला जागा नसते. त्यांनी सही केली. मग घरी पोलीस चौकशीला आले आणि शेजाऱ्यांना माणूस कसा आहे ते विचारून गेले. सोसायटीने समजूत करून घेतली की माझा पासपोर्ट निघतोय. तीन महिने जो तो कुजबुजत विचारायचा, "कॅनडा का?"

आता खरी गोष्ट सांगायची तर आयुष्यात मी एकच शिकार केली आहे, आणि ती सहीची. सात महिने माझी फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर चरत होती. शेवटच्या सहीचे साहेब मी जाईन तेव्हा नुकतेच उठलेले असायचे. खुर्ची कोमट, पंखा चालू, चष्मा टेबलावर, साहेब नाहीत. मी जिन्यावरून, गॅलरीतून, दुसऱ्या मजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीपर्यंत त्यांच्या मागावर धावायचो. एका रात्री वैतागून आजोबांना फोन केला. ते तेव्हा सत्त्याऐंशीचे. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सावजाच्या फाटसून धावाचा नाय. पाणवठ्यार बसाचा."

दुसऱ्या दिवसापासून मी कचेरीत पायच टाकला नाही. समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. पहिला दिवस फुकट. दुसऱ्या दिवशी एवढं कळलं की चार वाजून दहा मिनिटांनी शिपाई किटली घेऊन येतो, म्हणजे साहेब टपरीवर उतरत नाहीत. तिसऱ्या दिवशी शिपायाला सुट्टी होती. मी भिंतीकडेच्या बाकावर डबा उघडून बसलो होतो. बायकोने सुक्या जवळ्याची चटणी दिली होती आणि वारा माझ्याकडून कचेरीच्या दाराकडे वाहत होता. आजोबांच्या शास्त्रात हे साफ निषिद्ध. सावजाला आपला वास जाता कामा नये. पण चार वाजून दहा मिनिटांनी साहेब स्वतः खाली उतरले, दारात थबकले, नाक किंचित वर केलं आणि सरळ माझ्या बाकाकडे चालत आले.

"जवळा?"

"हो."

"मालवणी?"

"कणकवली."

"आमची मंडळी वेंगुर्ल्याची," म्हणाले आणि समोर बसले. कुणी याला लाच म्हणेल. लाच म्हणण्याइतका जवळा त्या डब्यात नव्हता. पुढच्या आठवड्यात सही झाली. गावी फोन करून सांगितलं तर आजोबांनी पहिला प्रश्न विचारला, "किती तास बसलंस?" तीन दिवस मिळून अकरा तास म्हटल्यावर बराच वेळ पलीकडून काही आवाजच आला नाही. मग म्हणाले, "बरो बसलंस."

२०२० च्या पावसाळ्यात आजोबा गेले. बंदूक लोखंडी कपाटात, किल्ली माझ्या जानव्याला. मुंबईच्या हवेत लोखंडाला खारट घाम फुटतो, म्हणून रविवारी दुपारी दार लावून मी ती बाहेर काढतो. खटका सरकवला की बंदूक मधून वाकते आणि दोन नळ्यांची दोन काळी तोंडं समोर येतात. गजाला चिंधी गुंडाळून, शिलाई मशीनचं तेल लावून आतून फिरवायची. पहिली चिंधी तांबूस निघते, तिसरी निघते ती स्वच्छ. मग नळी ट्यूबलाइटकडे धरून एक डोळा मिटायचा. आत उजेडाची वर्तुळं दिसतात, एकात एक, पार शेवटपर्यंत, तळ्यात खडा टाकल्यासारखी. दस्त्यावर जिथे आजोबांचा गाल टेकायचा तिथलं लाकूड इतर लाकडापेक्षा काळपट आणि गुळगुळीत आहे. काडतूस मी आजवर एकही विकत घेतलेलं नाही. "झालं का तुमचं जंगल?" बाहेरून बायको विचारते. मला भाजी आणायला जायचं असतं.

आणि मग निवडणुका. आचारसंहिता लागली की निरोप येतो, शस्त्र जमा करा. २०२४ साली हे दोनदा झालं. मे महिन्यात लोकसभेसाठी जमा केली. माझ्या पुढे एक जाडजूड गृहस्थ होते. त्यांनी खिशातून चष्म्याच्या डबीएवढं पिस्तूल काढून टेबलावर ठेवलं आणि दोन मिनिटांत मोकळे झाले. माझी पिशवी टेबलावर मावेना. हवालदारांनी रजिस्टर बाजूला सरकवलं, चहाचा ग्लास हलवला, तरी दस्ता शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या डब्यात. "डीबीबीएल, एक," त्यांनी दुनळीचं सरकारी नाव लिहून घेतलं, चिठ्ठी बांधली आणि वर बघितलं.

"उडवता का कधी?"

"नाही."

"विकायची?"

"नाही."

"मग?"

मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी सहानुभूतीने पावती दिली.

जूनमध्ये सोडवून आणली, गंज काढला, तेल घातलं. १ ऑगस्टला कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि आठवडाभर आमच्या लिफ्टमध्ये गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम कसा धरतात याशिवाय दुसरा विषय नव्हता. सेक्रेटरी सगळ्यांना समजावत होते, "रायफल म्हणा, बंदूक म्हणा, एकच हो ते." मी दात आवळून तळमजल्यापर्यंत उतरलो. मळसूत्री खाचा जिभेच्या टोकावर होत्या. पण पडद्याच्या दांडीवाल्याला आट्यांबद्दल काय माहीत असणार?

ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता. पुन्हा पिशवी, पुन्हा लिफ्ट, पुन्हा काकू. "परत नाही जमली का दांडी?"

मतदानाच्या आदल्या आठवड्यातली रात्र. साडेअकराला बेल वाजली. दारात सेक्रेटरी आणि पाच-सहा माणसं. एकाच्या हातात बॅट, एकाकडे बॅडमिंटनची रॅकेट, तिसऱ्याने फरशी पुसायचा मॉप आणला होता. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे राष्ट्रीय उद्यानाची हद्द, त्यामुळे काय झालं असणार हे मला त्यांच्या तोंडावरूनच कळलं.

"बिबट्या आत आलाय. सीसीटीव्हीत दिसला." त्यांनी मोबाइल पुढे केला. पंप हाउसजवळून एक पिवळट ढग सरकत गेला. "हातात काहीतरी हवं हो. तुमच्याकडे दांड्या असतील ना? दोन-तीन द्या."

"नाहीयेत," मी म्हणालो.

"एकही नाही?"

सगळ्यांनी एकदमच माझ्या खांद्यावरून आमच्या हॉलच्या खिडकीकडे बघितलं. आमचा पडदा स्प्रिंगच्या तारेवर लटकतो. एका टोकाला खिळा, दुसऱ्या टोकालाही खिळा, मध्ये झोळ. कोणी काही बोललं नाही.

"पॉलिशला दिल्यात," बायको आतून म्हणाली.

एवढ्या लोकांनी बिबट्याला घेरणं हाच खरा धोका, वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन लावा आणि आधी मुलांना आत घ्या, असं मी सांगून बघितलं. बॅटवाले निम्मे जिने उतरलेही होते. मग मीही उतरलो. पंप हाउसजवळच्या वाफ्याला माळ्याने संध्याकाळी पाणी घातलेलं, माती लोण्यासारखी मऊ, आणि त्यात ठसे उमटलेले. मी टॉर्च जमिनीलगत आडवी धरून उकिडवा बसलो. आजोबा कंदील असाच धरायचे. वरून उजेड पाडला की ठसा सपाट दिसतो, बाजूने पाडला की उभा राहतो. बिबट्या चालताना नखं आत घेतो. त्याचा ठसा गोलसर, चार बोटं, नखांचा मागमूस नाही, आणि गादीच्या मागच्या कडेला तीन उंचवटे. इथे ठसा लांबट होता आणि प्रत्येक बोटापुढे मातीत एकेक टोचा. चार बोटं, चार टोचे. शेजारी मातीत कसलंसं रबर ओढत नेल्याची रेघ. मागे माणसं उभी आहेत हे मी काही क्षण विसरूनच गेलो होतो.

"कुत्रा आहे," मी म्हणालो. "पाळलेला असावा. नखं लांब आहेत, रस्त्यावरच्या कुत्र्यांची झिजतात. आणि तोंडात चप्पल आहे."

"आमचा ब्रूनो घरात आहे," सेक्रेटरी घाईने म्हणाले. तरी त्यांनी घरी फोन लावला. ब्रूनो घरात नव्हता. तो जनरेटरच्या खोलीमागून आला, पिवळाधमक, शेपूट हलवत, तोंडात सहाव्या मजल्यावरच्या काकूंची डावी चप्पल.

बॅट, रॅकेट, मॉप हळूहळू लिफ्टकडे वळले. काकू चप्पल घ्यायला खाली आल्या होत्या, त्या वाफ्याशी वाकून ठसे निरखत राहिल्या.

"नुसत्या मातीवरून एवढं कसं कळतं हो तुम्हाला?"

"आजोबांनी शिकवलं."

"अगो बाई," काकू म्हणाल्या, "म्हणजे तेही पडद्यांच्याच धंद्यात?"